वाळपईच्या योगशिक्षिका ताईंना: आरोग्य मासिकासाठी लेख कसा लिहावा, कसा पाठवावा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या 12 वर्षं गोव्यात वाळपईला योगाचे क्लास घेतात, सकाळी एक बॅच, संध्याकाळी एक. समग्र आरोग्यावरच्या एका मराठी मासिकाला त्यांनी 'योगाचे महत्त्व' आणि 'तणावमुक्त जीवन' असे दोन लेख पाठवले, चार महिने झाले, होय नाही काहीच उत्तर नाही. आता त्या विचारतायत की डिग्री नाही म्हणून घेत नाहीत का, आत ओळख लागते का, पैसे देतात का, आणि लेखाखाली क्लासचा नंबर टाकला तर चालतो का.

मी बीएएमएस, फोंड्याला प्रॅक्टिस करते. लेख लिहायला लागून 16-17 वर्षं झाली असतील, मासिकांना, पेपरच्या आरोग्य पुरवण्यांना, दिवाळी अंकांना. मधे तीन वर्षं एका छोट्या मासिकाकडे येणारे लेख वाचून निवडायचं कामही केलं, म्हणजे पाठवणारी म्हणून आणि निवडणारी म्हणून, दोन्हीकडून हे बघितलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लेखांची नुसती नावं वाचून एवढं सांगू शकते की तुमची अडचण डिग्री नाही आणि ओळखही नाही. 2015 पासून 21 जून हा योग दिन सुरू झाला, तेव्हापासून दर वर्षी एप्रिल-मेमधे 'योगाचे महत्त्व' या नावाचे लेख मासिकाकडे येतात ते इतके येतात की मी निवडायला बसायचे तेव्हा त्यांचा वेगळा फोल्डर करावा लागला होता. सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', मग युज् धातू, मग योगश्चित्तवृत्तिनिरोधः, मग फायद्यांची यादी, पचन सुधारतं, झोप लागते, एकाग्रता वाढते. यातलं चूक काहीच नसतं. पण वरचं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी लेखात एक अक्षर बदलावं लागत नाही, आणि एडिटरकडे पानं मोजकी असतात, त्यामुळे जो लेख कोणीही लिहू शकलं असतं तो मागे पडतो. खरा प्रश्न म्हणून मी असा मांडते: 12 वर्षं माणसांच्या कमरा, गुडघे, श्वास रोज बघणाऱ्या बाईला जे माहीत आहे ते कागदावर का येत नाहीये?

त्याच्याआधी एक गोष्ट सांगते माझीच, ती सांगितल्याशिवाय मी पुढे जे म्हणतेय ते पटणार नाही.

सुरुवातीच्या काळात मी उन्हाळ्याच्या अंकासाठी पित्तावर लेख लिहिला होता. त्यात लिहिलं, जेवणाआधी ग्लासभर पाण्यात दोन चमचे आगळ घालून घ्यावं, पोटाला थंडावा मिळतो, जळजळ कमी होते. आगळ म्हणजे भिरंडाचा, कोकमाच्या फळाचा, मीठ घालून काढलेला रस, गोव्यात सांगायची गरज नाही, बाहेरचे कोणी वाचत असतील म्हणून लिहिलं. लेख छापून आला, छान दिसला, मी दहा जणांना दाखवला. दोनेक महिन्यांनी एक सत्तर-बहात्तर वयाचे गृहस्थ मुलाला घेऊन क्लिनिकमधे आले, हातात तोच अंक, माझ्या पानाला घडी घातलेली. दोन्ही पाय सुजलेले, बीपी मोजलं तर वरचा आकडा 180 च्या पुढे. बीपीच्या गोळ्या त्यांना आधीपासून चालू होत्या. पहिल्या आठवड्यात आगळ घेऊन बरं वाटलं म्हणून त्यांनी ते दिवसातून तीनदा सुरू केलं आणि चालूच ठेवलं, कारण किती दिवस घ्यायचं ते लेखात नव्हतंच. आगळात मीठ किती असतं ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात विचारा, मिठाशिवाय ते वर्षभर टिकणारच नाही, आणि मी इथेच जन्मलेली वाढलेली बाई, माझ्या अख्ख्या लेखात मीठ हा शब्द नव्हता. बीपीवाल्यांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये हे एक वाक्य नव्हतं. मला माहीत नव्हतं असं नाही, क्लिनिकमधे समोर पेशंट असता तर मी आधी बीपी विचारलंच असतं. कागदासमोर बसले तेव्हा विचारलं नाही.

आगळ बंद केलं, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे लगेच पाठवलं, सूज उतरली. पण जाताना ते जे बोलले ते अजून कानात आहे. "तुम्ही लिहिलंय म्हणून घेतलं हो, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर घेतलं नसतं."

तेव्हापासून माझ्या लिहिण्याचा पाया एकच आहे, आपल्या वाचकाला छापलेलं खरं वाटतं आणि तो ते करून बघतो. क्लिनिकमधे किंवा तुमच्या क्लासमधे माणूस समोर असतो, चुकलं तर आपण लगेच हात धरून सांगतो की नको, एवढं वाकू नका. मासिकाच्या पानावरून हात पुढे करता येत नाही. म्हणून काहीही करायला सांगितलं की त्याच परिच्छेदात मी चार गोष्टी लिहितेच: कोणी करायचं नाही, किती करायचं, किती दिवस करायचं, आणि काय झालं तर थांबून डॉक्टरकडे जायचं. शेवटी चौकटीत 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावे' असं लिहून भागत नाही, ती चौकट कोणी वाचत नाही, घडी घातलेल्या त्या पानावर पण ती चौकट होती.

योगाला पण हेच लागू. कपालभातीवर लिहाल तर गरोदर बायका, हर्नियावाले, पोटाचं ऑपरेशन नुकतं झालेले यांनी करू नये हे त्याच ठिकाणी यायला हवं. सर्वांगासन शीर्षासन लिहाल तर बीपी आणि काचबिंदू. डोकं खाली पाय वर केलं की डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदूवाल्याला ते महागात पडतं, आणि कितीतरी जणांना आपल्याला काचबिंदू आहे हेच माहीत नसतं. तुम्ही हे क्लासमधे रोज विचारत असणार. मग लेखात का नाही?

आता तुमच्याकडे काय आहे जे माझ्याकडे नाही, ते सांगते.

तुम्ही सत्तरी तालुक्यात आहात. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायला माणसं पहाटेपासून डोंगरावर वाकलेली असतात, चार-पाच तास, मग डोक्यावर किंवा खांद्यावर ओझं घेऊन उतरणं, मग बिया पिळून काढायच्या, त्या पण उकिडवं बसून. तुमच्या संध्याकाळच्या बॅचमधे त्या दिवसांत कोण येतं, कोण यायचं बंद होतं, आलेल्याला काय जमत नाही, कुठे हात ठेवून ती 'इथे दुखतं' म्हणते, हे मला फोंड्यात बसून कळणार नाही, पुण्या-मुंबईच्या लेखकाला तर नाहीच नाही. 'काजूच्या हंगामात कंबर कशी सांभाळायची' असा 800 शब्दांचा लेख तुम्ही लिहिलात तर एडिटर तो ठेवून घेईल असं मला खात्रीने वाटतं, आणि समजा त्यांनी नाही घेतला तरी तो लेख दुसरीकडे जाईलच, कारण तसा लेख दुसरं कोणी पाठवणार नाहीये.

आणि लिहायचा कसा, तर क्लासमधे बोलता तसा. समजा सुरुवात अशी केली: 'मार्च लागला की माझ्या संध्याकाळच्या बॅचमधल्या निम्म्या बायका पुढे वाकायचं आसन करायला नको म्हणतात. दिवसभर वाकूनच आलेल्या असतात. म्हणून मार्च-एप्रिलमधे मी पुढे वाकणारं काही घेत नाही.' बस, वाचक आत आला. मग सांगा, वाकताना कमरेतून न वाकता गुडघे आणि खुब्यातून कसं वाकायचं, काठीच्या टोकाला टोचा लावून बोंडू उचलला तर किती वाकणं वाचतं, अर्ध्या तासाने एकदा उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे किती झुकायचं, घरी आल्यावर जमिनीवर पाठ टेकून पाय खुर्चीवर ठेवून किती मिनिटं पडायचं. आणि मग ती चार वाक्यं. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर वाटत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल तर कुठलंही आसन न करता सरळ डॉक्टर. त्याच लेखात मी आणखी एक ओळ घालेन, त्या भागासाठी फार महत्त्वाची. सत्तरीत 2015 पासून माकडताप येऊन गेलाय, तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि काजूच्या दिवसांतच जास्त दिसतो, म्हणून डोंगरावर जाणाऱ्याला ताप आणि अंगदुखी आली तर ती कामाची अंगदुखी समजून घरात पडून राहू नये, दवाखान्यात जाऊन आपण काजूला जातो हे आपणहून सांगावं. योगाच्या लेखात ही ओळ कशाला असं वाटेल तुम्हाला. माझ्या मते समग्र आरोग्य म्हणतात ते हेच, माणूस ज्या जागी राहतो, जे काम करतो, ते सगळं धरून लिहिणं.

असेच आणखी विषय तुमच्या आजूबाजूला पडलेत. आदोळीवर तासभर बसून नारळ खवणाऱ्या बाईचे गुडघे. कदंबाच्या बसमधे रोज वाळपई-पणजी उभ्याने जाणारी मुलं-मुली. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट, बांधायला वर हात करून तासन्तास उभे राहणारे घरातले पुरुष, नंतर मान धरली म्हणून येतात, माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन तरी असतात.

खाण्यापिण्यावर लिहायचं असेल तर एक विनंती. गोव्यातल्या मासिकांत आहारावरचे लेख वाचले तर वाटतं आपण सगळे सकाळी ज्वारीची भाकरी आणि रात्री मुगाची खिचडी खातो. आपला वाचक उकड्या तांदळाची पेज पितो, दुपारी शीत-कडी आणि नुस्तें म्हणजे भात-आमटी आणि मासे खातो, पदेराकडचे म्हणजे पाववाल्याकडचे पाव, पोळी नाहीतर उंडो खातो, पावसात खारें म्हणजे सुकी मासळी भाजतो. त्याला सांगायचं तर त्याच्या ताटात बसून सांगायला हवं. डायबेटिसवाल्याला 'भात बंद करा' लिहिलं तर तो पान उलटतो. त्याऐवजी शिताचा वाटा अर्धा करून भाजीचा दुप्पट करा, पेजेसोबत लोणच्याऐवजी उसळ घ्या असं लिहिलं तर निदान करून तरी बघतो. शब्दांचं पण तेच. आपल्याकडे बरेच जण घरी कोकणी बोलतात आणि वाचतात मराठी, म्हणून मी पदार्थाचं, झाडाचं नाव दोन्ही लिहिते, टाकळा म्हणजे तायकिळो, कावीळ म्हणजे कामीण. पुण्याच्या एका एडिटरने एकदा माझे सगळे कोकणी शब्द काढून टाकले होते, गोव्यातल्या एडिटरने कधी काढले नाहीत, उलट वाचकांची पत्रं त्या शब्दांमुळेच आली.

वनस्पतींवर लिहिणार असाल तर जरा थांबा आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. स्थानिक नावं आपली आहेत, ती लिहायचीच, पण नुसत्या स्थानिक नावावर वाचकाला झाड तोडायला पाठवायचं नाही. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे बाजारात जी मिळते ती बरेचदा मंडूकपर्णी असते, दोन्ही औषधीच आहेत पण वेगळ्या. गुळवेलीचं तर उदाहरण ताजं आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा चालू होता, 2021 मधे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं की ती खरी गुळवेल होती का ते आधी तपासा, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल असते, औषधी ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कोणाचं बरोबर यात मी इथे जात नाही, लेखकाने त्यातून घ्यायचं ते एवढंच की शास्त्रीय नाव लिहा, पानाचा आणि खोडाचा स्पष्ट फोटो द्या, आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्याने स्वतःच्या मनाने घेऊ नये हे लिहा. माटोळीला बांधतो ते सगळं खाण्याचं नसतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं, कवंडळ कितीही लालभडक दिसलं तरी मुलांच्या हातात देत नसत. आता फ्लॅटमधे वाढलेल्या सुनेला ते माहीत असेलच असं धरून चालता येत नाही.

झाडांच्या नावांवरून आठवलं. पणजीच्या चर्चसमोरच्या म्युनिसिपल गार्डनला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज वैद्य, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मधे गोव्यात छापलं गेलं. एकाच वस्तूची वेगवेगळ्या भाषांतली नावं तो देतो, आपलं भिरंड पण आहे त्यात. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला नावांचा घोटाळा कळला होता. मी नवीन लिहिणाऱ्यांना हे नेहमी सांगते.

दुसरा धोका 'बरं झालं' या शब्दाचा. काविळीचंच घ्या. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत माणसाने भुईआवळा घेतला काय, मंत्र घातला काय, उसाचा रस प्यायला काय, जे केलं त्याने बरं झालं असंच त्याला वाटणार. मी वैद्य आहे, भुईआवळा मी देते, पण 'भुईआवळ्याने कावीळ बरी होते' असं वाक्य मी लेखात लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याची कावीळ पित्ताशयाच्या खड्याची असू शकते, बी किंवा सी असू शकते, आणि तो पंधरा दिवस पाला वाटून पीत बसला तर ते दिवस परत येत नाहीत. तुमच्याकडे पण असे अनुभव असतील, प्राणायामाने शुगर उतरली, थायरॉइडची गोळी सुटली. लिहा, पण जे बघितलं तेवढंच लिहा. 'माझ्या क्लासमधल्या एका ताईंची शुगर सहा महिन्यांत कमी झाली, त्या रोज चालायला पण लागल्या होत्या, गोळ्या डॉक्टरांनी चालूच ठेवल्या होत्या.' हे वाक्य ऐकायला तेवढं भारी वाटत नाही पण ते खरं आहे आणि त्यातून वाचकाला काय करायचं ते कळतं. गोळी बंद करा असं लेखात कधीही लिहायचं नाही, कुठल्याही पॅथीच्या माणसाने.

याला कायद्याची बाजू पण आहे. 1954 चा औषधे आणि जादूटोणा उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्यात मधुमेह, कर्करोग, फिट्स, बीपी अशा ठरावीक आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. कायदा जाहिरातीबद्दल आहे हे खरं, पण लेखात 'मधुमेह समूळ बरा' आणि खाली तुमचा मोबाईल नंबर असं आलं की ती जाहिरातच झाली, आणि एडिटरला याची धास्ती असते. मग तुमचा प्रश्न, नंबर टाकावा का? लेखाच्या मजकुरात अजिबात नको. 'अधिक माहितीसाठी आमच्या क्लासला या' हे शेवटचं वाक्य बघितलं की मी निवडायला बसायचे तेव्हा लेख बाजूला ठेवायचे, कारण मग वरचा सगळा मजकूर त्या वाक्यासाठी लिहिलाय असं वाटायला लागतं. लेखाखाली दोन ओळींचा परिचय मात्र बहुतेक जण छापतात, 'लेखिका वाळपईला 12 वर्षं योगवर्ग घेतात', तेवढं पुरे. सत्तरीत वाळपई आणि योगवर्ग एवढ्यावर ज्याला शोधायचं तो शोधेल. काही ठिकाणी 'जाहिरात द्या, लेख घेतो' असंही सांगतात. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणून उघड द्या, लेखाच्या बदल्यात देऊ नका. माझं मत कडक आहे यात, दुसऱ्या कोणाचं वेगळं असू शकतं.

क्लासमधल्या माणसांबद्दल लिहिताना आणखी एक. गोवा एवढासा, 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास लोक, त्यात एका तालुक्यातली एक 'हायस्कूलात शिकवणारी 45 वर्षांची बाई' लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही, बाजारात तिला दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं. आधी त्या व्यक्तीला विचारा, लिहिलेलं वाचून दाखवा, आणि वय, काम, गाव बदला. मी तर दोन-तीन पेशंटचा अनुभव एकत्र करते आणि तसं लेखात सांगते.

डिग्रीचं म्हणाल तर ते तुम्ही काय लिहिता त्यावर अवलंबून आहे. शिकवण्याच्या अनुभवावर, शरीर कसं हलवायचं यावर, श्वासावर लिहायला तुम्हाला 12 वर्षांचा अनुभव पुरतो. 'पीसीओडीवर योगोपचार' असं लिहायला लागलात तर एडिटर विचारणारच आणि विचारायलाच हवं. असा विषय घ्यायचाच असेल तर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांना लेख आधी दाखवा आणि 'वैद्यकीय भाग अमुक डॉक्टरांनी तपासला आहे' असं त्यांच्या परवानगीने लिहा. संस्कृत वचन टाकायचं असेल तर मूळ ठिकाण बघून टाका. 'शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्' हे चरकाचं म्हणून मी कितीतरी लेखांत वाचलंय, ते कालिदासाच्या कुमारसंभवातलं आहे. ऋतुचर्येवर लिहिणार असाल तर अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय काढून वाचा, मराठी अर्थासकट मिळतो, व्हॉट्सअॅपवरून आलेलं वापरू नका. आणि नेटवरून उचलून जोडलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला लेख, तो ओळखू येतो हो, सगळी वाक्यं सारखी गुळगुळीत आणि आत एकही माणूस नाही.

आता पाठवण्याबद्दल भराभर सांगते. मासिकाचं काम दोन-तीन महिने पुढे चालतं, पावसाळ्याच्या आजारांचा लेख जुलैत पाठवला तर तो पुढच्या वर्षीपर्यंत पडून राहतो. योग दिनाचं एप्रिलच्या आत, दिवाळी अंकाचं जुलै-ऑगस्टमधे. आधी त्या मासिकाचे मागचे सहा अंक वाचा, लेख किती शब्दांचे असतात ते मोजा, गेल्या वर्षात तो विषय येऊन गेलाय का बघा. पूर्ण लेख लिहिण्याआधी पाच ओळींचा मेल टाका, विषय काय, त्यात नवीन काय, तुम्ही कोण, किती शब्द, कधीपर्यंत द्याल. हो आलं की मग लिहा. लेख युनिकोडमधे टाइप करून वर्डच्या फाइलमधे पाठवा. जुन्या फाँटमधला असला की समोर उघडताना जोडाक्षरं फुटतात, आणि कागदावर लिहून मोबाईलवर फोटो काढून पाठवला तर तो परत टाइप कोण करणार म्हणून मागे राहतो, चांगला असला तरी. फोटो स्वतः काढलेले असावेत, नेटवरचे नकोत, आणि व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले तर बारीक होऊन छपाईला चालत नाहीत, मेलने नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आसनाचे फोटो असतील तर चुकीची स्थिती आणि बरोबर स्थिती शेजारी शेजारी द्या, एडिटर खूश होतात आणि वाचकाला पण चटकन कळतं.

पैशाचं खरं सांगायचं तर छोट्या मासिकात त्यावर विसंबू नका. मला कधी मानधन मिळालं, कधी नुसते दोन अंक. पहिल्याच मेलमधे सभ्यपणे विचारायला हरकत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हक्काचं नीट बघा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही बाहेरून लिहिलेला लेख तुमचा असतो, हक्क कोणाला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. पुढे मागे तुम्हाला या लेखांचं पुस्तक करावंसं वाटेल, म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असं कुठे लिहिलंय का ते वाचून मग सही करा.

जे दोन लेख चार महिने पडून आहेत त्यांच्याबद्दल एक साधा मेल टाका, 'अमुक तारखेला पाठवलेले लेख वापरणार नसाल तर कळवा, पंधरा दिवसांत कळलं नाही तर मी ते मागे घेतले असं समजते.' राग नको, टोमणा नको, त्याच एडिटरकडे तुम्हाला परत जायचंय. तोपर्यंत तेच लेख दुसरीकडे पाठवू नका, एकाच महिन्यात दोन ठिकाणी छापून आले तर दोन्ही दारं बंद होतात. आणि मागे घेतले की 'तणावमुक्त जीवन' उघडून बघा, त्यात कुठेतरी तुमच्या क्लासमधला एखादा खरा प्रसंग तीन-चार ओळींत येऊन गेला असेल, तेवढा ठेवा, बाकीचं काढा आणि त्या प्रसंगापासून नवीन लेख सुरू करा. नसेलच तर राहू दे तो.

काजूचा लेख फेब्रुवारीच्या अंकात यायचा तर नोव्हेंबरच्या शेवटी एडिटरच्या हातात पडायला हवा. म्हणजे बॅचमधल्या बायकांना विचारायला, मागच्या हंगामात काय काय दुखलं ते लिहून घ्यायला आत्तापासून सुरुवात करा. पहिले दोन परिच्छेद झाले की इथेच टाका, मी रात्री क्लिनिक बंद झाल्यावर वाचते आणि कुठे 'कोणी करू नये' राहिलंय ते सांगते.